उन्हाच्या शहरातील घर : नागपूरची वीज, पाणी आणि कचरा

नागपूरच्या घराचे वर्षभराचे अंदाजपत्रक उन्हाळा ठरवतो. शहर देशाच्या मध्यावर, समुद्रापासून चहूबाजूंनी लांब. मार्च सरता सरता पारा चाळिशी गाठतो, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे कुणाला नवल वाटत नाही, आणि नऊ दिवसांचा नवतपा लागला की दुपारचे रस्ते आपोआप रिकामे होतात. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि वर्षाच्या साधारण अकराशे मिलिमीटर पावसातला बहुतेक वाटा चार महिन्यांत पडून जातो. त्यामुळे पर्यावरणस्नेही जगण्याची जी यादी सगळ्या मोठ्या शहरांना सरसकट सांगितली जाते, ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. मुंबईत पहिला प्रश्न जागेचा आणि प्रवासाचा असतो, पुण्यात वाहनांचा. नागपुरात तो घर गार कसे ठेवायचे हा आहे. वीज आणि पाणी त्याच्या मागोमाग येतात.

३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला आणि देशभर त्याची बातमी झाली. हवामान खात्याने तपासणी करून केंद्रातील संवेदक सदोष असल्याचे नंतर जाहीर केले. ही दुरुस्ती अर्थातच मूळ बातमीइतकी गाजली नाही. उन्हाची चर्चा आकड्यांभोवती फिरते. माणसाला बसणारा चटका मात्र त्याच्या डोक्यावरचे छत कशाचे आहे यावर अवलंबून असतो. महाल-इतवारीतील जुन्या वाड्यांना जाड भिंती, कवेलूचे छत, मध्ये अंगण आणि लहान खिडक्या होत्या. जाड भिंत दिवसाची उष्णता आत पोचायला बराच वेळ लावते, तोवर सूर्य मावळलेला असतो आणि अंगणातून रात्रीची हवा खेळू लागते. सिमेंटच्या स्लॅबचे उलटे आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओकत राहतो. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला हे सांगावे लागत नाही. सर्वांत वाईट स्थिती टिनाच्या छताखालची. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख होती आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश माणसे झोपडपट्ट्यांत राहत होती. तेथे टिन दुपारी तव्यासारखे तापते, आणि विजेचा दाब कमी असला की पंखा नुसता गरम हवा ढवळतो.

अहमदाबादने २०१३ मध्ये देशातील पहिला उष्माघात प्रतिबंध आराखडा केला. नागपूर महापालिकेने २०१६ मध्ये तसाच आराखडा हाती घेतला. दुपारी बागा उघड्या ठेवणे, चौकाचौकांत प्याऊ, रुग्णालयांत शीत कक्ष, बांधकाम मजुरांच्या वेळा बदलणे, हवामान खात्याच्या इशाऱ्यानुसार लोकांना सावध करणे अशी त्यातली कामे आहेत. ती जीव वाचवणारी कामे आहेत, यात शंका नाही. पण आराखडा तापलेल्या माणसाकडे पाहतो, तापलेल्या घराकडे फारसे पाहत नाही. स्लॅबवर चुन्याचा जाड हात मारला की ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकले जाते आणि खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. हा खर्च एका कुटुंबाला झेपतो. टिनावर हेच केले तर फरक आणखी जाणवतो, पण ज्याचे घर भाड्याचे आणि रोजी दिवसाची, त्याने हा खर्च करावा असे म्हणणे सोपे आहे. हे काम वस्तीच्या वस्तीला एकदम, सार्वजनिक पैशातून, फेब्रुवारीतच व्हायला हवे.

घर गार ठेवण्याचे नागपूरचे स्वतःचे साधन म्हणजे कूलर. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो. मागच्या वर्षीची गवताची पॅडे क्षारांनी पांढरी आणि दगडासारखी कडक झालेली असतात. ती काढून नवी बसवली जातात, टाकी घासली जाते, छोटा पंप बादलीत बुडवून चालतो की नाही ते पाहिले जाते, पाण्याच्या नळ्यांची बुजलेली भोके टाचणीने मोकळी केली जातात. ज्यांना परवडते ते वाळा लावतात. लाकडाच्या बारीक किसाची पॅडे स्वस्त, पुठ्ठ्याची जाळीदार पॅडे महाग पण टिकाऊ. शहरातल्या कितीतरी हातांना दोन-तीन महिने यावर काम मिळते.

कूलरमागचे विज्ञान साधे आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते; एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी, तितका हा खेळ रंगतो. तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या जवळ थांबतो. चांगल्या पॅडांचा कूलर या दोन आकड्यांतील चार पंचमांश अंतर कापतो, म्हणजे खोलीत येणारी हवा २७-२८ अंशांची असते. मोठा कूलर साधारण दोनशे वॅट वीज घेतो. दीड टनाचा एसी चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास. रात्रीच्या आठ तासांत एकाचे दीड-दोन युनिट होतात, दुसऱ्याचे सात ते दहा. मुंबईच्या दमट हवेत कूलर निरुपयोगी ठरतो, नागपुरात मार्च ते जून त्याला तोड नाही. पाऊस सुरू झाला की मात्र तोच कूलर खोली चिकट करून सोडतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा असतो.

कूलरला दोन अटी आहेत आणि दोन्ही आता बाजूला पडत आहेत. पहिली, बाहेरची कोरडी हवा घेण्यासाठी तो खिडकीबाहेर बसवावा लागतो आणि आत आलेली हवा जायला समोरची खिडकी किंचित उघडी लागते. दार-खिडक्या बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोलीत नुसती ओल उरते. नव्या इमारतींच्या काचेच्या सरकत्या खिडक्यांना कूलरचे स्टँड बसत नाही, दर्शनी भाग खराब दिसतो म्हणून काही सोसायट्या ते लावूही देत नाहीत. अशा सदनिकेत राहणाऱ्याने एसी घेतला तर तो त्याच्या आवडीचा प्रश्न राहत नाही. नकाशा काढणाऱ्याने तो आधीच ठरवून टाकलेला असतो. दुसरी अट टाकीच्या स्वच्छतेची. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. पावसाळा लागल्यावर खिडकीतच राहिलेले, तळाशी बोटभर पाणी असलेले कूलर ही डासांची हक्काची जागा, आणि महापालिकेच्या तपासणी पथकांना अळ्या तेथेच सापडतात.

विजेचा प्रश्न नागपूरकरासाठी दूरचा नाही. देशातील बहुतेक शहरांना आपली वीज कुठून येते हे दिसत नाही. नागपूरला ते गच्चीवरून दिसते. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन औष्णिक केंद्रे आहेत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट आहे. पूर्वेला मौद्यात एनटीपीसीचे केंद्र आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय शहरातच, आणि सावनेर-कामठीच्या खाणी जवळच. भारतीय कोळशावर तयार होणारे विजेचे एक युनिट म्हणजे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा, आणि त्यात तीस-चाळीस टक्के राख. रात्रभरात आठ युनिट खाणारा एसी अशा प्रकारे पाच किलोंहून अधिक कोळसा जाळतो आणि दीड-दोन किलो राख मागे ठेवतो. ही राख जाते त्याच तालुक्यांतील बंधाऱ्यांत, म्हणजे शेजारच्या गावांच्या उशाशी. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत पसरले. या भागातले पाणी कन्हान नदीला मिळते, आणि कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक स्रोत आहे. कोराडीत आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा शहरातील पर्यावरण कार्यकर्त्यांनी जोरदार विरोध केला. तो विरोध रास्त होता. मात्र विरोध करणाऱ्या शहरातील एसींची संख्याही दर उन्हाळ्याला वाढते आहे, हेही त्याच सुनावणीत कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

छतावरील सौरऊर्जेत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले आणि वेग वाढला. एक किलोवॅट क्षमतेमागे दिवसाला चार युनिट हा व्यवहारातला हिशेब. ऊन जास्त म्हणून वीजही जास्त, असा एक गैरसमज आहे. सौर पॅनेल पंचवीस अंशांवर मोजलेले असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्का क्षमता गमावते; मे महिन्यातील दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग पासष्ट-सत्तर अंशांवर गेलेला असतो. त्यात धूळ. पंधरवड्यातून एकदा पहाटे, पॅनेल थंड असताना, ओल्या फडक्याने पुसून घेणे हे अनुदानाइतकेच कामाचे आहे. शिवाय पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, ती फुकट मिळते. वीज वाचवण्यासाठी महापालिकेने सुरू केलेला, पौर्णिमेच्या रात्री तासभर अनावश्यक दिवे बंद ठेवण्याचा ‘पौर्णिमा दिवस’ हा उपक्रम शहरात बराच गाजला. ‘ग्रीन व्हिजिल’ या संस्थेचे तरुण चौकाचौकांत दुकानदारांना हात जोडून पाट्या बंद करायला लावत. वाचलेली वीज फार नव्हती. पण बाजारपेठेत उभे राहून विजेविषयी बोलायला निमित्त मिळाले, एवढे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

नागपूरचे पाणी मुख्यतः पेंच नदीचे, उरलेले कन्हानचे. पेंच मध्य प्रदेशातून येते. तोतलाडोह आणि त्याखालील नवेगाव खैरी या धरणांतून पाणी गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे येते. पूर्वी ते उघड्या कालव्यातून यायचे आणि वाटेत पाझर, बाष्पीभवन आणि चोरी यांत बरेच जायचे. पुढे जलवाहिनी टाकली गेली. २०१२ पासून पाणीपुरवठ्याचे काम पंचवीस वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे आहे. चोवीस तास पाणी हे त्याचे उद्दिष्ट. काही भागांना ते मिळाले, बऱ्याच भागांना नाही. आणि जेथे पाणी ठरावीक वेळी व कमी दाबाने येते, तेथे टिल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढून घेण्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही.

हे पाणी किती नाजूक धाग्यावर लोंबकळते, हे २०१९ ने दाखवले. छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवर चौराई धरण झाल्याने तोतलाडोहकडे येणारा प्रवाह घटलेला, त्यात पाऊस लांबलेला. त्या वर्षीच्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, महापालिकेला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. त्या वेळी सगळ्यांना विहिरी आठवल्या. जुन्या नागपुरात घरोघरी आणि गल्लोगल्ली विहिरी होत्या. कित्येक बुजवल्या, कित्येकांवर जाळ्या टाकून आत निर्माल्य आणि कचरा टाकला गेला. महापालिकेच्या मालकीच्या शेकडो विहिरी अजून आहेत. गाळ काढला, मोटर बसवली, तर कूलर, बाग, गाडी धुणे, शौचालय यांसाठी पेंचचे शुद्ध केलेले पाणी वापरण्याची गरज उरत नाही. एक कूलर मे महिन्यात दिवसाला सहज पन्नास लिटर पाणी संपवतो. ते पाणी गोरेवाड्याहून शुद्ध होऊन, क्लोरीन घालून, पंपाने चढवून येण्याचे काहीच कारण नाही.

छतावरच्या पावसाचा हिशेब यापेक्षा मोठा आहे. शंभर चौरस मीटर गच्चीवर पावसाळ्यात साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला, तर ते ७६ हजार लिटर होतात. मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल पुनर्भरण बंधनकारक आहे; पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत पाइप लागलेला असतो, पुढे खड्डा गाळाने भरतो आणि कुणी बघत नाही. येथे जमिनीचाही विचार करावा लागतो. नागपूर दोन भूगर्भांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसाल्ट आणि वर चिकण काळी माती, पूर्वेकडे फार जुने स्फटिकी खडक. काळ्या मातीत नुसता खड्डा खणून पाणी सोडले तर ते मुरत नाही, साचते. जुनी विहीर असेल तर गाळणीतून पाणी सरळ तिच्यात सोडणे हा दोन्ही भागांत सर्वांत खात्रीचा मार्ग. त्यात नवे काही नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याचे उद्घाटन करायला कुणी येत नाही.

वापरून सोडलेल्या पाण्याची गोष्ट मात्र खरोखर नवी आहे आणि देशाने पाहावी अशी आहे. शहराच्या पूर्वेला भांडेवाडीत सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे आहेत. त्यातील दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्राचे पाणी शुद्ध होऊन नळाने कोराडीच्या वीज केंद्राला जाते. औष्णिक केंद्राला थंड ठेवण्यासाठी प्रचंड पाणी लागते; तेवढे पेंचचे पाणी वाचते, आणि महापालिकेला सांडपाण्याचे पैसे मिळतात. पुढे दोनशे दशलक्ष लिटरचे केंद्रही तेथे उभे राहिले. नागपूरच्या न्हाणीघरातून गेलेले पाणी अशा रीतीने विजेच्या कामी येऊन, त्या विजेने पुन्हा नागपूरचा कूलर फिरवते. देशात सांडपाण्याच्या पुनर्वापराचा इतका मोठा व्यवहार फार थोड्या शहरांनी केला आहे. यात नागरिकाला वेगळे काहीही करावे लागले नाही. ग्राहक ठरलेला होता, नळ टाकलेला होता, म्हणून योजना चालली.

जे सांडपाणी या केंद्रांपर्यंत पोचत नाही ते नाल्यांतून नाग नदीत जाते. लाव्हाच्या टेकड्यांकडून येऊन, अंबाझरीतून निघून, शहराच्या मधून सुमारे सतरा किलोमीटर वाहणारी, ज्या नदीवरून शहराचे नाव पडले असे मानतात ती नाग, पुढे पिली नदीसह कन्हानला आणि कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. नागपूरची घाण भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या आणि मासेमाराच्या दारात अशी जाते. नदीच्या पुनरुज्जीवनासाठी १९०० कोटींहून अधिक रुपयांचा प्रकल्प केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केला. दर उन्हाळ्यात जेसीबीने गाळ काढून होणारी ‘नदी स्वच्छता’ पुरासाठी उपयोगी आहे. नदीचे पाणी मात्र त्यातून स्वच्छ होत नाही.

२२-२३ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या सुखवस्तू वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या पलंगापर्यंत पाणी आले, मोरभवन बसस्थानकात बस बुडाल्या, माणसे दगावली, सुमारे दहा हजार घरांचे नुकसान झाले. तलावाच्या सांडव्यापुढची वाट अरुंद झाली होती, आणि त्या वाटेतील बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पावसाचे पाणी मुरायला जागा ठेवा असे सांगणाऱ्यांना त्याआधी वीस वर्षे कुणी विचारत नव्हते.

सिमेंट रस्त्यांचा संबंध येथे येतो. खड्ड्यांना कंटाळलेल्या शहराने मुख्य रस्त्यांपासून गल्ल्यांपर्यंत सिमेंट ओतले. रस्ते टिकले, हे मान्य करायला हवे. पण नव्या रस्त्याची पातळी जुन्या घरांच्या जोत्याच्या वर गेली आणि पावसाचे पाणी अंगणात वळले. कडेच्या कडुनिंबांच्या बुंध्याला सिमेंटचा फास बसला. दिवसभर तापलेला रस्ता रात्रीही गरम राहू लागला. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात सांगितले. तेवढी जागा नागपूरच्या किती झाडांना मिळते ते कोणत्याही गल्लीत पाहता येते. शहरात झाडे कमी नाहीत. २०११ च्या वृक्षगणनेत एकवीस लाखांहून अधिक झाडे मोजली गेली. सेमिनरी हिल्स, महाराजबाग, गोरेवाडा असे हिरवे पट्टेही आहेत. अजनीत आंतरवाहतूक स्थानकासाठी हजारो झाडे तोडण्याचा घाट २०२०-२१ मध्ये घातला गेला तेव्हा ‘अजनी वन’ वाचवण्यासाठी विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि प्रकल्प मूळ स्वरूपात पुढे सरकला नाही. मोठे झाड वाचवणे रोप लावण्यापेक्षा कितीतरी किफायतशीर आहे. जुलैत लावलेले रोप नागपूरच्या पहिल्या मे महिन्यात पाण्यावाचून मरते आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात दुसरे लावले जाते.

भांडेवाडीकडे पुन्हा वळावे लागते, कारण शहराचा कचराही तेथेच जातो. दररोज बाराशे टनांच्या आसपास. ज्या भांडेवाडीत सांडपाण्याचे सोने होते, त्याच भांडेवाडीत कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. दर उन्हाळ्यात त्यांना आगी लागतात आणि धूर पारडी-वाठोड्याच्या घरांत शिरतो. जुना कचरा चाळून वेगळा करण्याचे काम झाले आहे, प्रक्रियेच्या नव्या प्रकल्पांच्या घोषणाही होत असतात. शेजारीशेजारी असूनही एकात यश आणि दुसऱ्यात अपयश का, याचे उत्तर व्यवस्थेच्या रचनेत आहे. सांडपाणी नळाने येते. त्यात घराला शिस्त पाळावी लागत नाही. कचऱ्याला मात्र लाखो स्वयंपाकघरांत रोज वेगळे व्हावे लागते, आणि वेगळा झालेला कचरा शेवटपर्यंत वेगळा राहावा लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. गृहिणी दोन डबे भरून दारात येते आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे गाडीच्या एकाच कप्प्यात रिकामे होतात. आठ दिवसांत ती एकच डबा ठेवू लागते. तिला जनजागृतीची गरज नसते. गाडीच्या दोन कप्प्यांत खरोखर भिंत असावी, भांडेवाडीच्या काट्यावर दोन वेगळ्या नोंदी व्हाव्यात आणि कंत्राटदाराचे बिल एकूण वजनावर न निघता वेगळ्या केलेल्या कचऱ्याच्या वजनावर निघावे. एकूण वजनावर पैसे मिळत असतील तर ओला कचरा आणि बांधकामाची माती गाडीत चढणारच.

तोवर घरी करता येण्याजोगे सर्वांत चांगले काम म्हणजे ओला कचरा बाहेर न देणे. घरगुती खताच्या पुस्तिका बहुधा दमट हवामानासाठी लिहिलेल्या असतात आणि पाणी जास्त होऊ देऊ नका असे बजावतात. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते. भाजीची देठे, संत्र्याची साले दोन दिवसांत वाळून खडखडीत होतात आणि कुजण्याची क्रिया थांबते. पिंप सावलीत ठेवावे, वर ओले गोणपाट टाकावे, दर दोन दिवसांनी पाण्याचा हबका मारावा. पावसाळा लागताच हे बंद करून सुका पालापाचोळा वाढवावा. हा पालापाचोळा फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत फुकट मिळतो. दुर्दैवाने सकाळी झाडू मारून तो कोपऱ्यात पेटवण्याची चाल अजून आहे, आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाने हवा सुधारण्यासाठी निवडलेल्या शहरांत नागपूरचे नाव आहे. ओल्या कचऱ्याप्रमाणे सांडपाणीही जागच्या जागी हाताळता येते; मोठ्या सोसायट्यांसाठी नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने ते वनस्पतींच्या मुळांतून शुद्ध करण्याचे फायटोरिड तंत्र विकसित केले आहे. ही संस्था १९५८ पासून या शहरात आहे. नागपूरच्या सोसायट्यांनी तिचे ज्ञान त्या मानाने फार थोडे वापरले.

सुक्या कचऱ्याचे काम भंगारवाल्यांनी आधीपासूनच सांभाळले आहे. रद्दी, बाटल्या, लोखंड, पुठ्ठा घरोघरी जाऊन विकत घेणारे हे लोक कोणत्याही योजनेशिवाय शहराचा मोठा भार उचलतात. राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची, केंद्राची एकदा वापरण्याच्या प्लास्टिकवरची बंदी १ जुलै २०२२ ची; गोकुळपेठेत किंवा बुधवारी बाजारात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मागितली तर ती अजून पातळ पिशवीतच मिळते.

प्रवासाबाबत नागपूरने प्रयोग पुष्कळ केले. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी बस धावली. त्या बस पुढे वाढल्या आणि २०१८ मध्ये बंद पडल्या. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सींचा देशातील पहिला मोठा प्रयोग येथे झाला. चार्जिंगसाठी तासन् तास लागणाऱ्या रांगांनी चालक वैतागले आणि तो विरला. टिकले ते ई-रिक्षा, ज्यांची जाहिरात कुणी केली नव्हती. मेट्रोची पहिली मार्गिका मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगर आणि प्रजापती नगर ही चार टोके सीताबर्डीत एकत्र येतात. त्याच महिन्यात कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे जाणाऱ्या ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली.

मेट्रोचे डबे थंड आहेत, स्थानके स्वच्छ आहेत, छतांवर सौर पॅनेल आहेत. अडचण स्थानकाच्या पायऱ्या उतरल्यावर सुरू होते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्थानकापासून घरापर्यंतचा पाऊण किलोमीटर कुणी चालत जात नाही, म्हणून माणूस घरूनच स्कूटर काढतो आणि एकदा काढली की थेट कार्यालयापर्यंत नेतो. या अंतरासाठी ‘आपली बस’ आहे, पण ती पुरेशी नाही आणि वेळेचा भरवसा नाही. कित्येक थांब्यांवर छप्पर म्हणून पत्र्याची पट्टी असते, आणि दुपारी तिची सावली मागच्या भिंतीवर पडते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांनीच कारभार पाहिला, त्यामुळे असल्या गोष्टी विचारायला नगरसेवकही नव्हता. दुसऱ्या टप्प्याचा खर्च ६,७०८ कोटी धरला आहे. त्याआधी पहिल्या टप्प्याच्या प्रत्येक स्थानकापासून दर दहा मिनिटांनी सुटणारी छोटी बस आणि थांब्यावर एक कडुनिंब, एवढे मिळाले तर आहे ती मेट्रो आजच्यापेक्षा जास्त भरून धावेल.